कीबोर्ड घेतला, आता बटणांच्या गर्दीतून वाट कशी काढायची

नवीन कीबोर्ड हातात आला की पहिले दोन-चार दिवस जवळपास सगळे तेच करतात, म्हणजे व्हॉइस नंबर १ पासून सुरू करायचं आणि प्रत्येक आवाजावर दोन-तीन पट्ट्या दाबून पुढे जायचं, मग स्टाइल्स म्हणजे तयार साथी तशाच, मग डेमो. मजा येते, त्यात चूक काहीच नाही. पण आठवड्याभरात ती मजा उतरते आणि मग कीबोर्डवर कव्हर चढतं ते चढतंच. मी असे बरेच कीबोर्ड बघितलेत, अगदी नवेकोरे, पट्ट्यांवर बोटांचा डाग नाही. आणि मालक म्हणतो मला जमत नाही हो. जमत नाही असं नसतं, कुठलं बटण कधी लागतं हेच कोणी सांगितलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बटण शिकायचं नाही, गरज पडली की तेवढंच बटण हातात घ्यायचं. खाली मी एक छोटा चार मापांचा तुकडा घेतलाय आणि तोच शेवटपर्यंत वाढवत नेलाय, त्याच्या ओघात जे बटण लागेल ते येईल. ६१ पट्ट्यांचा, साथ वाजवणारा, साधा अरेंजर कीबोर्ड डोळ्यासमोर ठेवून लिहितोय कारण बहुतेकांकडे तोच असतो. बटणांची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात पण कामं तीच.

आधी वायर आणि बसणं

अडॅप्टर कीबोर्डसोबत आलेलाच वापरा. हरवला तर नवीन घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत, व्होल्ट, पिनची पोलॅरिटी म्हणजे मधला टोक प्लस की मायनस, आणि मिलीअँपिअर. पहिल्या दोन तंतोतंत, तिसरी लिहिलीय तेवढी किंवा जास्त चालते. "पिन बसली म्हणजे झालं" असं समजून लावू नका, पिन बसते आणि आतलं सर्किट जातं, असं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. कीबोर्डच्या मागे सॉकेटजवळ गोलाचं छोटं चित्र असतं त्यात प्लस-मायनस दाखवलेलं असतं, ते आणि अडॅप्टरवरचं चित्र शेजारी शेजारी धरून बघा.

वाजवता वाजवता थांबलात आणि कीबोर्ड आपोआप बंद झाला तर घाबरू नका, तो बिघाड नाही, ऑटो पॉवर ऑफ आहे, साधारण अर्ध्या तासाने बऱ्याच मॉडेल्सवर होतं. यामाहाच्या छोट्या पीएसआर मालिकेत सगळ्यात डावीकडची पट्टी दाबून धरून कीबोर्ड चालू केला की ते बंद होतं. बाकीच्यांमध्ये फंक्शन मेनूत सापडतं.

बसताना कोपर पट्ट्यांच्या उंचीला यायला हवं, किंचित वर असलं तरी चालेल पण खाली नको. पलंगावर मांडी घालून कीबोर्ड समोर ठेवला की मनगट वाकतं, आणि वाकलेल्या मनगटाने वीस मिनिटात हात दुखायला लागतो आणि माणसाला वाटतं आपली बोटंच कडक आहेत. बोटं कडक नसतात, उंची चुकलेली असते.

कुठली पट्टी कुठे

काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशा गटात असतात हे सगळ्यांना दिसतं. दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी ती सी. ६१ पट्ट्यांवर सगळ्यात डावीकडची पट्टी सीच असते आणि डावीकडून तिसरा सी तो मिडल सी. पेटीवाल्यांच्या भाषेत सी म्हणजे पांढरी एक, तिच्या उजवीकडची काळी म्हणजे काळी एक, डी म्हणजे पांढरी दोन, असं पुढे. ही दोन्ही नावं माहीत असलेली बरी कारण गाणारा माणूस "काळी चार" म्हणतो आणि गिटारवाला "जी शार्प" म्हणतो आणि दोघं एकाच पट्टीबद्दल बोलत असतात. आणि सा रे ग म वेगळं, सा तुम्ही जिथे ठेवाल तिथे असतो, सी मात्र जागचा हलत नाही. हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढचा निम्मा गोंधळ संपतो.

बोटांचे नंबर दोन्ही हातांना अंगठा १ ते करंगळी ५. उजव्या हाताने सी ते सी वाजवताना १ २ ३ १ २ ३ ४ ५, म्हणजे तिसऱ्या बोटानंतर अंगठा खालून सरकतो. डाव्या हाताने वर जाताना ५ ४ ३ २ १ ३ २ १. रोज पाच मिनिटं, मेट्रोनोम ६० वर ठेवून. सावकाश म्हणजे खरंच सावकाश. मेट्रोनोमचं बटण हे कीबोर्डवरचं सगळ्यात उपयोगी बटण आहे असं माझं पक्कं मत आहे आणि सगळ्यात कमी दाबलं जाणारंही तेच असतं.

आवाज निवडताना

पहिला महिना पियानोवर राहा, बाकी आवाज आहेतच, कुठे जात नाहीत. कारण पियानोच्या आवाजात चूक लपत नाही. स्ट्रिंग्ज किंवा पॅड लावलं की सगळं गोड वाटतं, बोट उशिरा उचललं, दोन सूर एकमेकांवर चढले, काही कळत नाही. पियानोत लगेच कळतं.

आता टच. तुमच्या कीबोर्डला टच रिस्पॉन्स असेल तर तो चालू आहे ना ते बघा, नसेल तर हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येणार. हे आत कसं चालतं ते जाणून घेण्यासारखं आहे. प्रत्येक पट्टीखाली एक नाही तर दोन कॉन्टॅक्ट असतात, पट्टी खाली जाताना आधी एक लागतो, मग दुसरा. या दोघांमध्ये किती वेळ गेला तेवढंच कीबोर्ड मोजतो. वेळ कमी म्हणजे तुम्ही वेगाने दाबलंत, म्हणून आवाज मोठा. जोर मोजलाच जात नाही, वेग मोजला जातो. म्हणून पट्टी तळाशी गेल्यावर पुढे रेटून काही होत नाही, नुसतं बोट दुखतं. हे कळल्यावर माझ्या ओळखीच्या एकाचा हात दोन दिवसात हलका झाला, तो आधी प्रत्येक सूर खिळा ठोकल्यासारखा वाजवायचा.

ऑर्गनच्या आवाजात टच लागत नाही म्हणून तक्रार करू नका, खऱ्या ऑर्गनलाही लागत नाही.

आणि दुसरी गोष्ट, बासरी, ट्रम्पेट, व्हायोलिन हे आवाज कीबोर्डवर खोटे वाटतात अशी तक्रार नेहमी येते. कधी कधी आवाज साधाच असतो, मान्य. पण बरेचदा आपण ते पियानोसारखे वाजवतो म्हणून खोटे वाटतात. बासरीवाला एका वेळी एकच सूर काढतो, मध्ये श्वास घेतो. तुम्ही बासरीचा व्हॉइस लावून तीन बोटांची कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम, दाबलीत की ते कसं बासरी वाटेल? एक सूर वाजवा, ओळ संपली की बोट उचला आणि श्वासाएवढी जागा सोडा. पिच बेंडचं चाक असेल तर ते साधारण दोन सेमीटोनवर सेट असतं (सेमीटोन म्हणजे काळी-पांढरी धरून शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर), म्हणजे पूर्ण ढकललं की सा चा रे होतो. मींड हवी असेल तर एक सेमीटोनवर आणून बघा, चाकावर हात बसायला सोपं जातं. अजून एक, प्रत्येक वाद्याला स्वतःचं सप्तक असतं, चेलोचा व्हॉइस लावून उजव्या टोकाला वाजवलं तर ते चेलो राहत नाही. त्यासाठी ऑक्टेव्ह बटण आहे, हात तिथेच ठेवून आवाज एक सप्तक खाली आणता येतो.

ड्युअल म्हणजे एकावर एक दोन आवाज, पियानो आणि स्ट्रिंग्ज हे जोडपं सगळ्यांना आवडतं. फक्त एक लक्षात ठेवा, कीबोर्ड एका वेळी ठराविक सूरच वाजवू शकतो, छोट्या मॉडेल्समध्ये ३२ वगैरे. ड्युअल लावलं की एक पट्टी दोन सूर खाते, त्यात मागे स्टाइल चालू, वर पेडल, मग जुने सूर मध्येच तुटायला लागतात. ते स्पीकर बिघडलेत म्हणून नाही.

ट्रान्सपोज, आणि तो विसरण्याचा धोका

सगळं सी मेजरमध्ये, म्हणजे नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर, वाजवायला सोपं, पण गाणाऱ्याचं स्केल काळी चार. अशा वेळी ट्रान्सपोज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचा सूर एकदम वर किंवा खाली सरकवणं. प्लस १ केलं की सी दाबल्यावर काळी एक वाजते. काळी चार हवी तर प्लस ८ किंवा मायनस ४, दोन्हींनी तोच सूर येतो पण सप्तक वेगळं, ऐकून ठरवा. मी बहुतेक वेळा मायनस घेतो, आवाज भरीव राहतो.

काही लोक म्हणतात ट्रान्सपोज वापरणं म्हणजे फसवणूक. मला तसं वाटत नाही, छंद म्हणून वाजवणाऱ्या माणसाने बारा स्केल्स शिकेपर्यंत कोणाबरोबर वाजवायचंच नाही का? वापरा. फक्त सोबत दर महिन्याला एक नवीन स्केल हातात बसवत राहा, आधी जी, मग एफ, मग डी, म्हणजे एक-दोन काळ्या पट्ट्यांपासून सुरुवात होते.

धोका असा की ट्रान्सपोज तसाच राहतो. एकदा आम्ही पाच-सहा जण जमलो होतो, मी आदल्या गाण्याचं मायनस ३ काढलंच नाही आणि पुढच्या गाण्याला गिटारवाला आणि मी दोघंही बरोबर कॉर्ड वाजवत होतो आणि ऐकायला भयानक येत होतं. दोन मिनिटं सगळे गिटार ट्यून करत बसले. तेव्हापासून दुसऱ्या वाद्याबरोबर सुरू करण्याआधी मी एकच सूर वाजवून समोरच्याशी जुळवून घेतो. जुळला नाही तर आधी ट्रान्सपोज बघायचा, मग ट्युनिंग. ट्युनिंग वेगळी गोष्ट, ती सेमीटोनपेक्षाही बारीक असते, कीबोर्डचा ए साधारणपणे ४४० हर्ट्झवर असतो आणि समोरची पेटी किंवा बासरी किंचित वरखाली असेल तर ट्युनिंगने कीबोर्ड तिच्याकडे न्यायचा, कारण ती वाद्यं तुमच्याकडे येऊ शकत नाहीत.

डावा हात

आता तो तुकडा. चार मापं, प्रत्येक मापात चार मात्रा, कॉर्ड्स सी, ए मायनर, एफ, जी. यातल्या तीन मेजर म्हणजे ऐकायला उजळ आणि एक मायनर म्हणजे जरा उदास, सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर.

शॉर्टकट आहे तो आधी सांगतो. साथ चालू करायचं बटण, यामाहावर एसीएमपी लिहिलेलं असतं, ते लावलं की डावीकडचा भाग कॉर्डसाठी राखीव होतो. यामाहाच्या सोप्या पद्धतीत मेजर कॉर्डला फक्त मूळ पट्टी, मायनरला मूळ पट्टी आणि तिच्या डावीकडची जवळची काळी, सेव्हन्थला मूळ पट्टी आणि डावीकडची जवळची पांढरी. कॅसिओची पद्धत वेगळी, तिथे मूळ पट्टीच्या उजवीकडची कुठलीही एक पट्टी जोडली की मायनर, दोन जोडल्या की सेव्हन्थ, तीन जोडल्या की मायनर सेव्हन्थ. एका कंपनीचा व्हिडिओ बघून दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डवर लोक हे करत बसतात आणि चुकीची कॉर्ड येते, म्हणून मुद्दाम दोन्ही लिहिलं.

पण माझं ऐकाल तर हा शॉर्टकट आठवडाभरच. पूर्ण तीन बोटांची कॉर्ड शिका, कारण एक बोटाची सवय लागली की साथ बंद केल्यावर डावा हात रिकामा होतो. आणि तीन बोटांचं अवघड का वाटतं तर लोक प्रत्येक कॉर्ड मुळापासून धरतात, सी ई जी, मग उडी मारून ए सी ई, मग परत उडी. हात पट्ट्यांवर नाचत राहतो आणि ताल सुटतो. त्याऐवजी असं धरा. डावा अंगठा डावीकडून दुसऱ्या सीवर ठेवा, करंगळी त्याच्या खालच्या ई वर, मधलं बोट जी वर. ई जी सी, ही झाली सी मेजर, फक्त सूरांचा क्रम बदललाय. आता ए मायनरसाठी करंगळी आणि अंगठा जागेवरच, मधला जी तेवढा एक पट्टी वर ए वर, ई ए सी. मग एफसाठी ए आणि सी जागेवर, करंगळी ई वरून शेजारच्या एफ वर, एफ ए सी. मग जीसाठी सगळा हात थोडा खाली, डी जी बी. आणि जीवरून परत सीकडे येताना जी जागेवरच आणि बाकीची दोन बोटं एकेक पट्टी वर. बघा, चार कॉर्ड्स आणि हात जवळपास हललाच नाही. हे आधी साथ बंद ठेवून, पियानोच्या आवाजात, न बघता जमेपर्यंत करा. मला स्वतःला हे कळायला बराच काळ गेला आणि कळल्यावर सगळ्या गाण्यांचा डावा हात सोपा झाला.

आता एसीएमपी चालू करा आणि फिंगर्ड पद्धत निवडा, म्हणजे कीबोर्ड तीन सूर बघून कॉर्ड ओळखतो. क्रम कसाही असला तरी ओळखतो, बेस आपोआप मूळ सुराचा वाजतो. जर फिंगर्ड ऑन बेस नावाची पद्धत लागली असेल तर मात्र तुमचा सगळ्यात खालचा सूर बेस होतो, म्हणजे ई जी सी धरलं तर बेस ई वाजेल. कॉर्ड बरोबर पण खालून काहीतरी विचित्र ऐकू येतंय असं वाटलं तर हेच तपासा.

अजून एक अडचण इथेच येते, स्प्लिट पॉइंट. कॉर्डचा भाग कुठे संपतो तो बिंदू. यामाहाच्या ६१ पट्ट्यांवर तो सहसा डावीकडून दुसऱ्या सप्तकातल्या एफ शार्पवर असतो. तुमचा अंगठा त्याच्या पलीकडे गेला की ती पट्टी सुरावटीचा भाग होते आणि कॉर्ड ओळखलीच जात नाही. मी वर जी जागा दिलीय ती त्याच्या आतच बसते, म्हणूनच तशी दिलीय.

स्टाइल

स्टाइल निवडताना नावावर जाऊ नका, मात्रांवर जा. गाणं हाताने टाळी देत मोजा, एक दोन तीन चार येतं की एक दोन तीन. तीन येत असेल तर वॉल्ट्झ किंवा तीन मात्रांची कुठलीही घ्या, चारवाल्या स्टाइलवर ते गाणं कधीच बसणार नाही, सम दर वेळी पुढे सरकत जाईल. टॅप टेम्पो असेल तर गाणं गुणगुणत त्याच्यावर चार वेळा बोट मारा, लय सेट होते. नंतर शिकताना ती लय सरळ तीस-चाळीसने कमी करा.

आपल्या तुकड्याला साधी आठ-बीटची पॉप किंवा बॅलड घ्या, टेम्पो ७०. सिंक स्टार्ट दाबा, आता डाव्या हाताने पहिली कॉर्ड धरलीत की त्या क्षणी साथ सुरू होईल, स्टार्टचं बटण दाबायला हात मोकळा ठेवायला नको. आधी नुसत्या कॉर्ड्स फिरवा, उजवा हात मांडीवर. कॉर्ड बदलायची ती पहिल्या मात्रेवर, पण बोटं हलायला लागतात चौथ्या मात्रेवर, हे तंत्र आहे. पहिली मात्रा ऐकून मग हललात तर कॉर्ड उशिराच पडणार आणि अर्धं माप जुन्या कॉर्डवर जाणार.

मग उजवा हात. पहिलं माप जी ई सी ई, एकेक मात्रा, अंगठा मिडल सीवर म्हणजे बोटं ५ ३ १ ३. आता हात एकच पट्टी उजवीकडे सरकवा, अंगठा डीवर. दुसरं माप ए जी आणि मग ई दोन मात्रा, बोटं ५ ४ २. तिसरं एफ ए जी एफ, बोटं ३ ५ ४ ३. चौथ्यात डी चार मात्रा, अंगठा. एवढंच. हात एकदाच सरकतो. दोन्ही हात एकत्र आणताना गडबड होणारच, अशा वेळी चार मापं सलग वाजवायचा हट्ट सोडा, दुसऱ्या मापाच्या शेवटून तिसऱ्याच्या पहिल्या सुरापर्यंत एवढाच सांधा दहा वेळा वाजवा. चुका मापात होत नाहीत, सांध्यावर होतात.

हे बसलं की मग मेन ए वर एक फेरी, फिल म्हणजे मधला छोटा ड्रमचा तुकडा, मेन बी म्हणजे त्याच स्टाइलचा दुसरा प्रकार, त्यावर दुसरी फेरी, शेवटी एंडिंग. फिलचं बटण दाबलं की बऱ्याच कीबोर्डवर त्या मापाचा उरलेला भाग फिल वाजतं, म्हणून चौथ्या मात्रेवर दाबलं तर नुसता एक ठोका मिळतो. फिल कुठल्या मापात हवं ते आधीच ठरवून त्या मापाच्या सुरुवातीला दाबा. बटण दाबायला बरेचदा उजवा हात लागतो, म्हणून ज्या मापात शेवटचा सूर लांब आहे, आपल्याकडे चौथं माप, तिथेच ते करायचं. सूर लांब असला तरी पट्टी सुटली की तो थांबतोच, त्याला उपाय पेडल.

आणि साथीचा आवाज कमी करा. सगळ्या कीबोर्डवर साथ मूळात मोठी असते, तुमची सुरावट तिच्याखाली दबते आणि मग तुम्ही जोरात बडवता. साथ शंभरवर असेल तर सत्तरवर आणा, स्वतःचं वाजवणं ऐकू येऊ द्या.

थोडं विषयांतर, पण ज्यांचा ताल कच्चा आहे त्यांच्यासाठी. व्हॉइसमध्ये ड्रम किट निवडा. सगळ्यात डावीकडची सी म्हणजे किक, पायाने वाजतो तो मोठा ड्रम, शेजारची डी म्हणजे स्नेअर, कडक आवाजाचा छोटा ड्रम, एफ शार्पवर बंद हायहॅट म्हणजे मिटलेली झांजांची जोडी, ए शार्पवर उघडी हायहॅट. उजव्या हाताच्या एका बोटाने हायहॅट आठ वेळा, डाव्या हाताने किक एकवर आणि तीनवर, स्नेअर दोनवर आणि चारवर. पंधरा दिवस रोज थोडं करा. स्टाइलमध्ये आत काय चाललंय ते कानाला सुटं सुटं ऐकू यायला लागतं, आणि त्यानंतर साथीबरोबर वाजवणं वेगळंच होतं.

पेडल

सस्टेन पेडल, म्हणजे पट्टी सोडल्यावरही सूर लांबवणारं, स्वस्तातलं का असेना, घ्याच. लावताना कीबोर्ड बंद ठेवा आणि चालू करताना पेडलवर पाय नको, कारण बरेच कीबोर्ड चालू होताना पेडल मोकळं आहे असं धरून चालतात. पाय असेल तर उलटं होतं, पाय उचलला की सूर लांबतो. सगळ्यांची एक चूक असते, सूर वाजवताना त्याच क्षणी पेडल दाबणं. क्रम असा, नवीन सूर किंवा कॉर्ड वाजवताना पेडल वर, वाजल्यावर लगेच खाली, पुढची कॉर्ड येईपर्यंत तसंच. म्हणजे हात खाली तेव्हा पाय वर. जुनी कॉर्ड नव्या कॉर्डमध्ये मिसळून चिखल होत नाही.

सेव्ह करणं

व्हॉइस, स्टाइल, टेम्पो, ट्रान्सपोज, साथीचा आवाज, हे सगळं एकदा मनासारखं लागलं की रजिस्ट्रेशन मेमरीत टाका. मेमरी बटण धरून नंबर दाबायचा, झालं. गाण्याला एक नंबर. यामुळे ट्रान्सपोज विसरण्याचा तो धोकाही जातो कारण प्रत्येक नंबर स्वतःचा ट्रान्सपोज घेऊन येतो, तुमच्या मॉडेलमध्ये तो साठवला जातो का ते एकदा करून बघा. एका वहीत नंबर आणि गाणं लिहून ठेवा. यामाहाच्या छोट्या मॉडेल्समध्ये उजव्या टोकाची पांढरी पट्टी धरून चालू केलं की साठवलेलं सगळं पुसलं जातं, कीबोर्ड वेड्यासारखा वागायला लागला तर तो उपाय आहे, पण वही असेल तरच हात लावा.

कॉम्प्युटर आणि हेडफोन

ब्लूटूथ हेडफोनवर वाजवू नका, पट्टी दाबली आणि आवाज उशिरा आला असं होतं आणि तुमचा ताल बिघडतो. वायरचाच हेडफोन.

यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडल्यावर "आवाजच येत नाही" हा प्रश्न कायमचा आहे. बहुतेक कीबोर्ड त्या केबलमधून आवाज पाठवतच नाहीत, मिडी पाठवतात, म्हणजे कुठली पट्टी, किती वेगाने, कधी सोडली, एवढाच निरोप. ही पद्धत १९८३ पासून चालत आलीय आणि अजून तीच आहे, वेग १ ते १२७ आकड्यात जातो, चॅनेल्स १६ असतात आणि १९९१ च्या जनरल मिडीप्रमाणे दहावा चॅनेल ड्रम्सचा. आवाज कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरने काढायचा असतो. आणि प्रत्येक सूर दोनदा ऐकू येत असेल, एकदा कीबोर्डमधून आणि एकदा कॉम्प्युटरमधून, तर कीबोर्डच्या मेनूत लोकल ऑफ करा, म्हणजे पट्टी दाबल्यावर कीबोर्डचा स्वतःचा आवाज बंद. काम झाल्यावर परत ऑन करा, नाहीतर नंतर कीबोर्ड मुका वाटतो आणि माणूस दुरुस्तीला नेतो.

एखादीच पट्टी बिघडली तर

वर दोन कॉन्टॅक्टचं सांगितलं ते इथे कामाला येतं. माझ्या कीबोर्डवर मिडल सीच्या वरचा जी अचानक बोंबलायला लागला, कितीही हळू दाबला तरी फुल आवाज. आधी टच सेटिंग बदलून पाहिलं, मग रीसेट, काही नाही. बाकी सगळ्या पट्ट्या ठीक, एकच अशी, म्हणजे सेटिंग नाही, कॉन्टॅक्ट. पट्टीखाली रबराची पट्टी असते, तिच्या आत काळे कार्बनचे ठिपके, ते खालच्या सर्किट बोर्डवरच्या काळ्या जागांवर टेकतात. मध्ये धूळ गेली की दोनातला एक नीट लागत नाही, मग पट्टी एकतर फुल वाजते नाहीतर वाजतच नाही.

वॉरंटी असेल तर उघडू नका. नसेल तर अडॅप्टर आणि बॅटऱ्या काढून, कीबोर्ड मऊ चादरीवर उलटा ठेवून, स्क्रू काढताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, ज्या भोकातला तो त्याच जागी कागदावर चिकटवून ठेवा, लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरून प्लॅस्टिक फुटतं. चपट्या रिबन केबल्स ओढू नका, सॉकेटला लॉक आहे का आधी बघा. रबर हलक्या हाताने उचला, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून बोर्डवरची काळी जागा एकदाच पुसा, घासू नका, कार्बनचा थर निघून गेला तर ती पट्टी कायमची गेली. रबराच्या आतले ठिपके कोरड्या मऊ कापडाने. पूर्ण वाळू द्या. रबर परत बसवताना त्याचे छोटे खुंट भोकात पूर्ण गेलेत ना ते बोटाने एकेक दाबून बघा, एक जरी वर राहिला तरी शेजारची पट्टी अडकते. मग सगळे स्क्रू घट्ट करायच्या आधी, चारच लावून, कीबोर्ड सरळ करून पियानोच्या आवाजात डावीकडून उजवीकडे सगळ्या एकसष्ट पट्ट्या अगदी हळू एकेक दाबत जा.